ऑगस्टात कोर्ट बंद असतं

१४ जानेवारी, मंगळवार

परत आलं! तिसरं रजिस्टर पत्र, तिसऱ्यांदा परत. पाकिटावर पोर्तुगालच्या पोस्टाचा शिक्का – ‘घेणाऱ्याने नेले नाही’. घेणारा म्हणे! माझ्या घरात राहतो, माझ्या दाराखालून पोस्टमनची चिठ्ठी आत सरकते, आणि याला वाकून उचलवत नाही. एकोणीस महिने भाडं नाही. फोन केला की वाजत राहतो. आणि वर यांचा डिसेंबरात शुभेच्छांचा फोटो – माझ्या बाल्कनीत, माझ्या कुंड्यांमध्ये उभे राहून!

ही विद्या मला शिकवता? सव्वीस वर्षं पॅरिसच्या या इमारतीची राखणदारी करतेय. सहा मजल्यांची पत्रं माझ्या हातून जातात. रजिस्टर आलं की कोण दाराआड श्वास धरून उभं राहतं, कोण रेडिओ बंद करतं, कोण कुत्र्याचं तोंड दाबून धरतं – सगळं ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर तर मला पाहून जिन्यावरूनच माघारी फिरतो. आणि मला हे दोघं शेंडी लावणार – नेल्सन आणि त्याची ती फ्लोर्बेला!

अर्मिंदो म्हणाला, "अगं, रक्तदाब चढेल तुझा. ऑगस्टात जाऊ तेव्हा बघू."

ऑगस्टात! नवरा नसता तर पाकीट डोक्यात घातलं असतं.

१५ जानेवारी

ऑगस्टाचं लिहूनच टाकते. काल झोप नाही आली त्यापायी.

फ्रान्समधली आम्ही सगळी पोर्तुगीज माणसं गावी कधी जातो? ऑगस्टात. लग्न ऑगस्टात, बारसं ऑगस्टात, कौलं बदलणं ऑगस्टात, दात काढणं ऑगस्टात, भावाशी बांधावरून भांडण तेही ऑगस्टात. मग भाडेकरूवर दावा पण ऑगस्टातच लावायचा ना? दोन वर्षांपूर्वी विसेउला, जिथे माझं ते घर आहे त्या शहरात, वकिलाच्या दारात गेले – दाराला कागद, ‘सुट्टीवर’. गेल्या वर्षी म्हटलं वकील गेला खड्ड्यात, थेट कोर्टातच जाते. पायात सपाता, काखेत फाईल. दारावरचा माणूस पीच सोलत बसला होता.

"कोर्टाला सुट्टी आहे बाई. सप्टेंबरात या."

"सप्टेंबरात मी पॅरिसला जिने पुसत असते."

"मग पुढच्या ऑगस्टात या," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. "फ्रान्सवाल्यांचं हे दरवर्षीचंच!"

म्हणजे बघा. आम्ही एवढे हजारो लोक, चाळीस-चाळीस वर्षं जातो-येतो, आणि आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही की ऑगस्टात जज्जसाहेब पण समुद्रावर जातो! भाडेकरूंना मात्र पक्कं ठाऊक. त्यांचे अकरा महिने आरामाचे, बाराव्यात कोर्ट बंद.

या वर्षी मी ऑगस्टाची वाट बघणार नाही. संपलं.

२० जानेवारी

वाट बघायला वेळच ठेवला नाही सोसायटीने. काल मीटिंग झाली, आज कागद हातात दिला. तीस जूनला माझी नोकरी बंद. दाराला नंबर दाबायचं कुलूप येणार, जिने पुसायला कंपनीची माणसं. आणि फाटकाजवळची ही खोली – जिथे मी सव्वीस वर्षं चूल मांडली, एलोदीला वाढवलं – तिथे सायकली ठेवणार आहेत. सायकली!

रडले नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीणबाईच रडल्या, त्यांना मीच पाणी दिलं.

माझं ठरलंय. विसेउचा फ्लॅट माझा आहे. दोन खोल्या, बाल्कनी, सकाळपासून ऊन. ही इमारत सोडून आणखी तीन इमारतींचे जिने पुसून घेतलेला. तीस जूनच्या आत मला तो रिकामा पाहिजे. फुकट कुणाकडून काही मागत नाही, माझं मला द्या.

अर्मिंदो संत्रं सोलत ऐकत होता. म्हणाला, "नाही झालं तर इथे जवळच क्रेतेयला एलोदीकडे राहू की. ती नाही म्हणणार नाही."

"पोरगी नाही म्हणणार नाही, पण तिच्या सोफ्यावर मी म्हातारी होणार नाही."

त्याने संत्र्याची फोड पुढे केली. मी घेतली नाही.

२८ जानेवारी

विसेउची वकीलीण गाठली! उंबेलिनाने – माझी मावसबहीण, तिथेच दोन गल्ल्या सोडून राहते – नंबर दिला. नाव झेनाइद. आवाज जाडाभरडा, सिगारेट ओढत असणार. बाई माझ्यासारखीच, नमस्कार-चमत्कार नाहीत.

"करार लेखी आहे?"

"आहे."

"सरकारदरबारी नोंदवलाय? कर भरता?"

"दरवर्षी."

तिकडे लायटर पेटल्याचा आवाज. मग म्हणाली, "तुम्ही नक्की फ्रान्सवाल्याच ना?"

हसू आलं. कारण आमच्यातली माणसं भाड्याने देतात ती तोंडी – कागद नको, कर नको, तू माझ्या काकाचा जावई, मी तुझ्या आत्याची सून. मग कोर्टात दाखवायला काय, आत्या? बारा वर्षांपूर्वी मी करार केला तेव्हा इथल्या पोर्तुगीजांच्या रविवारच्या क्लबात सगळे हसले होते. ‘ग्रासिंदा चौथी पास, पण कागद मंत्र्यासारखे करते!’ हसा आता. चौथी पास म्हणूनच करते. शिकलेल्याला वाटतं, नंतर बोलून निभावता येईल.

झेनाइदबाई म्हणाली, पोस्टाचा नाद सोडा. नोटीस मी स्वतः नेऊन हातात देईन. भाडेकरूने माझ्यासमोर घेतली काय आणि नाकारली काय, लागू होते. मग एक महिना – थकलेलं भरा, नाहीतर करार संपला. पुढे कोर्टाचा कागद, त्यावर पंधरा दिवसांत काही बोलले नाहीत तर घर खाली.

"पण माणूस समोर पाहिजे," म्हणाली. "बंद दाराला नोटीस देता येत नाही."

१० फेब्रुवारी

जेवताना सांगितलं – अठराला बसने निघतेय. अर्मिंदोचा चमचा थांबला. "फेब्रुवारीत? तुझे गुडघे? थंडी बघितलीस का तिकडची?"

"जज्जसाहेब कोर्टात आहे, थंडी असली तर असू दे."

१९ फेब्रुवारी, विसेउ

तेवीस तास बस. मागच्या सीटवरचा म्हातारा रात्रभर लाकूड करवतावं तसा खोकत होता. उतरले, तोंड धुतलं, झेनाइदबाईला घेऊन सरळ गेले. तिसरा मजला – माझी पाटी काढून टाकलीय!

दार बंद. पडदे खाली. बेल वाजवली, थापा मारल्या, कान लावला. मला रिकामं घर आणि गप्प घर यातला फरक कळतो. रिकामं होतं.

समोरची बाई दार उघडून म्हणाली, "ते तर काल ग्वार्दाला गेले, तिच्या माहेरी. आठवडाभर. अगदी अचानक."

अचानक! कुणीतरी सांगितल्याशिवाय? तरातरा उंबेलिनाकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. कुठे बडबडलीस, कुणाजवळ, बाजारात की चर्चमध्ये?

ती बिचारी कढईसमोर उभी. "मी? अगं, मी तुझ्या येण्याचं कुणाला कशाला सांगू? तू येणार म्हटलं की मी खिडक्या लावून घेते – तुझं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून!"

मग तिने पालेभाजीचं सूप वाढलं, वर सॉसेजच्या दोन चकत्या. माफी मागायला हवी होती. मागितली नाही. दोन वाट्या प्यायले, तिला कळलं.

२१ फेब्रुवारी

हात हलवत परत निघाले – असं त्यांना वाटू दे.

जिन्यावर पुन्हा समोरची बाई भेटली. तिला पिशवीतलं फ्रेंच चॉकलेट दिलं. खाता खाता बोलली. फ्लोर्बेला माझ्या दिवाणखान्यात केस करते! रंगवणं, कापणं, कुरळे करणं. मंगळवार ते शनिवार. पाटी नाही, पावती नाही, फोनवर वेळ घ्यायची. गिऱ्हाईक आलं की दार उघडं – रंगाचा वास बाहेर जावा म्हणून.

दार उघडं!

बसमध्ये सीट मिळाल्यावर एकटीच हसले.

२ मार्च

क्लबात रविवारचं जेवण. खारा मासा, बटाटे. बायकांनी विचारलं, काय झालं गं विसेउला? म्हटलं, काही नाही, गुडघे गारठले. अर्मिंदो पत्त्यांच्या टेबलावरून बघत होता. त्याला पण काही सांगितलं नाही. गुपित दोघांत ठेवलं की ते तिसऱ्याचं होतं.

१० मार्च

अर्मिंदोला सांगितलं – उंबेलिनाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तीन दिवस जाऊन येते. म्हणाला, "जा जा, माणसाला माणूस लागतं." खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. उंबेलिनाला फोन करून सांगितलं – तुला मोतीबिंदू झालाय. म्हणाली, "कुठल्या डोळ्याला?"

१३ मार्च, विसेउ

झालं!! आत्ताच्या आत्ता लिहून काढते.

झेनाइदबाईने दोन दिवस आधी फोन करून वेळ घेतली. रंग आणि ट्रिम. गुरुवार, अकरा वाजता. मला म्हणाली, "नाहीतरी माझी मुळं पांढरी झालीत. एका फेरीत दोन कामं."

म्हटलं, "आधी कागद द्या, मग रंग."

"नाही हो. आधी कागद दिला तर मला बाहेर काढेल. डोक्यावर रंग असला की अर्ध्या तासाची पाहुणी!"

ती वर गेली. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर थांबले. जिना माझी जागा. सव्वीस वर्षं तिथूनच दुनिया ऐकलीय. दार उघडं, रंगाचा भपकारा, रेडिओ, आणखी दोन बायका – नवऱ्यांची निंदा चाललेली. फ्लोर्बेलाचा आवाज मधासारखा: "ताई, तुमचे केस जाड आहेत हो! कुठे काम करता?"

"ऑफिसात," झेनाइदबाई म्हणाली. "कागदपत्रांचं."

खोटं पण बोलली नाही!

मग रेडिओवरचं गाणं संपलं, आणि ऐकू आलं: "फ्लोर्बेलाबाई, मी वकील. तुमच्या घरमालकीणबाईंकडून ही नोटीस. या दोघी समोर आहेत, मी ती तुमच्या हातात देतेय."

कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज. मी दोन-दोन पायऱ्या चढून आत गेले. गुडघ्यांना विचारलंच नाही.

माझ्या दिवाणखान्यात तीन खुर्च्या, मोठा आरसा, एक बाई डोक्यावर चांदीचे कागद लावून. आणि मधोमध माझी वकीलीण, खांद्यावर टॉवेल, अर्धं डोकं तपकिरी, हातात कागद. न्यायदेवतेला पण एवढा थाट नसेल.

फ्लोर्बेला पांढरी पडली होती. मला म्हणाली, "तुम्ही? तुम्ही येणार असं तर आम्हाला कुणी..." आणि ओठ मिटले.

"सांगायला लागतं का? माझं घर आहे ते!"

"घर तुमचंच आहे हो, कोण नाही म्हणतंय! नेल्सनचं काम गेलं तेव्हा तुम्हाला कळवलं नाही, चुकलं आमचं. पण तुम्ही फ्रान्सवाल्या, तुम्हाला काय कमी?"

"मला काय कमी? माझ्या खोलीत सायकली येणारेत, बाई! तीस जूनला मी रस्त्यावर!"

चांदीच्या कागदवाली म्हणाली, "अगं बाई!" कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.

फ्लोर्बेलाने नोटीस घेतली. वाचली. घडी करून ॲप्रनच्या खिशात घातली. मग झेनाइदबाईकडे वळून म्हणाली, "मान मागे करा. रंग धुवायची वेळ झाली. जास्त ठेवला तर केस जळतील."

"धुणार तुम्ही?"

"काम अर्धं टाकत नाही मी."

आणि धुतले. कोमट पाण्याने, नीट, कानामागून सुद्धा. ट्रिम केलं, वाळवले. पैसे घेतले. झेनाइदबाई खाली आली तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होती.

खरं सांगते, त्या बाईचा राग तिथेच अर्धा उतरला. पण अर्धाच.

१४ एप्रिल

महिना संपला. एक छदाम भरला नाही. करार संपला. झेनाइदबाईने पुढचे कागद लावले. कोर्ट चालू आहे, सगळे जागेवर आहेत, कुणी पीच सोलत नाही!

आज अर्मिंदोला सगळं सांगितलं – रंगाचं, जिन्याचं, मोतीबिंदूचं. वाटलं हसेल. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडून क्लबात गेलं असतं."

टोपी घालून बाहेर गेला. त्याला लागलं असेल. असू दे, उतरेल.

१२ मे

नेल्सनने फोन केला! पहिल्यांदाच. विरोध करणार नाही म्हणाला. ग्वार्दाला सासऱ्याच्या बेकरीत काम मिळालंय, सगळं तिकडेच नेणार. चोवीस जूनपर्यंत मुदत मागितली, मुलीची शाळा संपू दे म्हणून.

मी म्हटलं, चोवीस. पंचवीस नाही.

म्हणाला, "थँक्यू, बाई." थँक्यू कसलं! थकलेलं भाडं सोडून देते म्हटलं त्याचं असेल. एलोदी ओरडली माझ्यावर – "मम्मी, एवढं लढून सोडलंस?" मला पैसे नकोत. मला भिंती पाहिजेत.

३ जून

कोर्टाचा कागद आला. माझं नाव, खाली शिक्का. चष्मा लावून तीनदा वाचला, मग अर्मिंदोकडे सरकवला. म्हणाला, "छान." एवढंच.

१७ जून

व्हॅन भरून गेली. पलंग, शिवणयंत्र, भांडी, सव्वीस वर्षांत एवढंच. मी उद्या बसने पुढे जाते. अर्मिंदो मागे थांबून सोमवारी, तीस तारखेला, खोलीची किल्ली सोसायटीला देणार आणि तसाच संध्याकाळची बस पकडणार. त्याला डबा कसा गरम करायचा, शर्ट कुठे आहेत, बस कुठून सुटते – तीनदा सांगितलं. मान डोलावली तिन्ही वेळा.

तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर निरोप द्यायला खाली आला. म्हणाला, "आता माझी रजिस्टर पत्रं कोण घेणार?" म्हटलं, आता तुम्हीच घ्यायची. मोठे झालात.

२४ जून, विसेउ

किल्ली माझ्या हातात!

दहा वाजता दोघं खाली उभे होते, मुलगी गाडीत. नेल्सनने किल्ल्या मोजून दिल्या, दोन दाराच्या, एक टपालपेटीची. घर पुसून स्वच्छ. बाल्कनीतल्या कुंड्या ओल्या. दिवाणखान्याच्या भिंतीवर आरशाचा चौकोन तेवढा पांढरा राहिलाय, आणि जमिनीवर रंगाचा एक डाग, तो मी घासून काढीन. डाग काढण्यात माझा हात कोण धरणार?

फ्लोर्बेला म्हणाली, "न्हाणीचा नळ थोडा उजवीकडे फिरवायचा, नाहीतर गळतो." मी म्हटलं, बरं. तिच्या मुलीला बिस्किटांचा पुडा दिला.

ते गेल्यावर दार आतून लावलं. सगळ्या खिडक्या उघडल्या. उन्हात, जमिनीवरच बसले. उंबेलिना सूप घेऊन आली आणि मला तशी बघून म्हणाली, "पडलीस की काय?" म्हटलं, नाही गं. मालकीण आहे.

पलंग कुठे लावायचा ते ठरवलं. अर्मिंदोची बाजू खिडकीकडे.

२५ जून, बुधवार

सकाळी फ्लोर्बेला परत आली. केस धुवायचं भांडं माळ्यावर राहिलं होतं. भांडं घेतलं, पण निघेना. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्याशी सरळ वागलात म्हणून सांगते. आम्ही गेल्या ऑक्टोबरातच जाणार होतो. किल्ली कुठे द्यायची विचारायला फोन केला होता, तो तुमच्या यजमानांनी घेतला. ते म्हणाले, राहा. पत्रं घेऊ नका. ती थकेल, मग तिकडे येऊन राहायचं आपोआप सोडून देईल. फेब्रुवारीत तुम्ही निघालात ते पण त्यांनीच कळवलं."

फोन केला त्याला. नाही म्हणाला नाही. म्हणाला, "ऑगस्टात तिकडे सगळे आपले असतात, ग्रासिंदा. सप्टेंबरात मी तिथे कुणाला ओळखतो?"

ओरडले नाही. मलाच नवल वाटलं. म्हटलं: सोमवारी तू ती किल्ली सोसायटीला देणार आहेस. त्यानंतर तुझा पत्ता हा की एलोदीचा सोफा, ते मला रविवारी, एकोणतीस तारखेला, दुपारच्या जेवणाआधी सांग. तुझ्या तोंडाने. हो की नाही.